दोरीवरचे दोन बनियन

मातीबाईंच्या घरात बनियन टिकत नसत. नवरा दुकानातून नवे कोरे, शुद्ध सुती बनियन घेऊन यायचा आणि त्यातले निम्मे अंगाला लागायच्या आधीच जमिनीत जायचे. "दुसऱ्यांच्या बायका कपडे धुतात, माझी पुरते," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि आधी स्वतःच हसायचा. सासरच्या मंडळींनी तिचं नाव मातीबाई पाडलं ते यावरूनच. ते इतकं चिकटलं की प्रयोगशाळेतला शिपाईसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारू लागला. तिला त्याचं काही वाटत नसे. दिवसभर मातीत हात घालणाऱ्या बाईला मातीबाई नाही म्हणायचं तर काय अत्तरबाई म्हणायचं?

काम तिचं तसंच होतं. जमिनीत डोळ्यांना न दिसणारे जीव किती आहेत आणि ते काय उद्योग करतात, याचा माग काढायचा. त्यासाठी यंत्रं होती, काचेच्या नळ्या होत्या, पण सगळ्यात सोपी युक्ती बनियनची. सुती कापड म्हणजे त्या जिवांचं खाणं. बनियन वीतभर खोल पुरायचा आणि दोनेक महिन्यांनी उकरून काढायचा. जमीन सुस्त असेल तर तो धुऊन पुन्हा घालता येतो. जमिनीत हालचाल असेल तर त्याची चाळण होते. आणि हालचाल फारच असेल तर कापडाचा मागमूस राहत नाही, शिवणीचा नायलॉनचा दोरा तेवढा हातात येतो.

संस्थेच्या कुरणावर तिने असे तीन पट्टे आखले होते. एका पट्ट्याला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी. दुसऱ्याला शहरातून येणारं, शुद्ध केलेलं सांडपाणी. तिसऱ्याला एक पाळी याची, एक पाळी त्याची. दोन वर्षं तिने हे तिन्ही पट्टे पोटच्या पोरांसारखे सांभाळले आणि तिन्हींत बनियन पुरले. आता निकाल हातात आला होता. आणि त्या निकालातला एक पट्टा सकाळी सकाळी, चहाचा कप हातात धरून, मोठ्या साहेबांनी गिळून टाकला.

"दोनच घ्या," साहेब म्हणाले. टेबलावर पत्र्याच्या तीन ताटल्यांत तीन बनियन मांडलेले होते. "हा झऱ्याचा आणि हा आमचा. सभेत दोरीवर वाळत घालू. लांबून दिसायला हवेत."

'आमचा' म्हणजे सांडपाण्याचा. त्याच्या ताटलीत बनियन नव्हताच, काळपट दोऱ्यांचा गुंता होता. झऱ्याच्या बनियनला भोकं होती, पण तो बनियन आहे हे ओळखता येत होतं.

"आणि तिसरा?" मातीबाईंनी विचारलं.

"तिसऱ्याने लोकांचा गोंधळ होतो," साहेबांशेजारी बसलेला इंजिनिअर म्हणाला. सांडपाणी शुद्ध करणारा कारखाना त्याच्या ताब्यात होता. माणूस नेहमी इस्त्रीत असायचा. "मॅडम, साधी गोष्ट आहे. आमच्या पाण्यावरची माती बनियन खाऊन मोकळी झाली. म्हणजे जिवंत आहे. तुमच्याच युक्तीने सिद्ध झालं."

"तसं सिद्ध होत नाही," मातीबाई म्हणाल्या. "तुमच्या पाण्यात नत्र आहे, सेंद्रिय माल आहे. ते मिळालं की जिवाणू माजतात. बनियन खातात आणि मातीत वर्षानुवर्षं साठलेला कसही खातात. खा खा सुटलेल्या माणसाला आपण निरोगी म्हणतो का? त्या पट्ट्यातला कस घटलाय. मुळांना अन्नपाणी पोचवणारे बुरशीचे धागे जवळजवळ संपलेत. तिपानी गेली. मीठ चढलंय. हे सगळं मी लिहून दिलंय, सर."

तिपानी म्हणजे गवतात आपोआप उगवणारी, शेंगा धरणारी बारकी वनस्पती. गुरं तिच्यावर तुटून पडतात आणि तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू जमिनीला फुकटात खत देतात. सांडपाण्याच्या पट्ट्यात तिची जागा लांब, पाणचट, हिरव्यागार गवताने घेतली होती. फोटोत ते फार छान यायचं.

"लोकांना बनियन कळतो, बाई," साहेब म्हणाले. "बुरशीचे धागे कळत नाहीत."

हे म्हणणारा माणूस एके काळी स्वतः गुडघाभर चिखलात उभा राहून मातीचे नमुने काढायचा. मातीबाईंना चाळणी कशी धरायची हे त्यानेच शिकवलं होतं. म्हणून तर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न कळणाऱ्या माणसाचा राग किती करणार? पण ज्याला सगळं कळतं आणि जो कळूनही चहा ढवळत बसतो, त्याला काय म्हणावं?

खरी गोम पाण्यातच होती. शहराला डोंगरातला झरा हवा होता, अख्खा. बदल्यात डोंगराखालच्या सगळ्या कुरणांना शुद्ध केलेलं सांडपाणी बारमाही मिळणार होतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या सभेत कुरणवाल्यांनी हात वर करून त्याला होकार द्यायचा होता. तिसऱ्या पट्ट्याचा निकाल उत्तम होता. माती भुसभुशीत, तिपानी जागच्या जागी, गवतही भरपूर. पण तो मान्य केला तर निम्मं झऱ्याचं पाणी कुरणांकडेच ठेवावं लागलं असतं. म्हणून तिसऱ्या बनियनने लोकांचा गोंधळ होत होता.

मातीबाईंनी ती तिसरी ताटली उचलून आपल्या कपाटात ठेवली आणि सुट्टी टाकून थेट थोरल्या जाऊबाईंचं कुरण गाठलं.

थोरली जाऊ त्या भागातल्या कुरणवाल्यांची पुढारी होती. कुणी तिला निवडलं नव्हतं, तिला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं इतकंच. तिचं कुरण सगळ्यात वर होतं आणि जमीन काळी, चिकण. मीठ बसलं तर सगळ्यात आधी तीच जमीन वाया जाणार, हे मातीबाईंना पक्कं ठाऊक होतं. जाऊबाई गोठ्यात एका तांबड्या गाईच्या पायाला मलम लावत होत्या.

"या या, मातीबाई! आमच्या भावजींना अंगात घालायला काही ठेवलंस की नाही?"

"वहिनी, उद्याच्या सभेत हात वर करू नका."

जाऊबाईंनी मान वर केली. "का गं? तो इस्त्रीवाला येऊन गेला की. म्हणाला, तुमच्या जाऊबाईंनीच तपासलंय. मी म्हटलं, तिने तपासलंय ना, मग मी कशाला अविश्वास दाखवू? बाकीच्यांनाही तेच सांगितलं."

मातीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या नावाचा असा गोठ्यागोठ्यातून वापर झालाय आणि आपल्याला पत्ताही नाही. त्या तिथेच, पेंडीच्या पोत्यावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. तीन पट्टे, तीन बनियन, मीठ, तिपानी. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. जाऊबाईंनी गाईचा पाय खाली सोडला, हात पुसले आणि शांतपणे विचारलं,

"उद्या तू कुठे बसणारेस?"

"स्टेजवर. त्यांनी खुर्ची ठेवलीय."

"मग तिथे बोल."

"वहिनी, माझी नोकरी..."

"तुझी नोकरी आहे आणि माझं कुरण आहे. तू स्टेजवर मूग गिळून बसणार, आणि मी खाली उभं राहून सांगू, की आमच्या धाकटीने गोठ्यात येऊन माझ्या कानात काहीतरी सांगितलं? माझं हसं होईल. आणि का होऊ नये? तुझं तुला खरं वाटत असेल तर चारचौघांत बोल. नाहीतर मी हात वर करते, आणि माती गेली तर तुझ्या नावाने बोटं मोडते. वाईट वाटून घेऊ नकोस, पण मला असलं चोरटं खरं नको."

वाईट वाटलंच. रागही आला. घरी परतताना बसमध्ये त्या जाऊबाईंशी मनातल्या मनात भांडत होत्या, आणि प्रत्येक वेळी जाऊबाईच जिंकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सभेला जाण्याआधी त्यांनी प्रयोगाच्या कुरणातून ढेकळं घेतली. झऱ्याच्या पट्ट्यातली आणि सांडपाण्याच्या पट्ट्यातली, सुपारीएवढी, वाळवून ठेवलेली. ढेकूळ पाण्यात टाकायचं आणि बघायचं, बास. चांगल्या मातीचं ढेकूळ बसकण मारतं, पण पाणी नितळ ठेवतं. मिठाने बिघडलेल्या मातीचं ढेकूळ विरघळतं आणि पाणी दुधासारखं गढूळ करतं. तीच विरघळलेली माती शेतात जमिनीची भोकं बुजवते. मग वर पाणी साचतं, खाली मुळं तहानलेली राहतात आणि हवेविना जीव गुदमरतात. हे समजायला कुणालाही शाळेत जायला नको.

सभागृहात पंखे गरगरत होते. स्टेजवर खरोखरच दोरी बांधली होती आणि चिमट्यांनी दोन बनियन लटकावले होते. दुसऱ्या चिमट्याला नुसता दोऱ्यांचा गुंता. लोक बोटं दाखवून हसत होते. इंजिनिअरचं भाषण संपत आलं होतं. मातीबाई खुर्चीवर बसल्या तेव्हा टाळ्या चालू होत्या. कशासाठी, ते त्यांना कळलं नाही.

"आता ज्यांनी हा प्रयोग केला त्या मॅडम दोन शब्द बोलतील," साहेब म्हणाले, आणि माइक देता देता पुटपुटले, "दोनच."

मातीबाई उठल्या. पुढच्या रांगेत जाऊबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या आणि चेहऱ्यावर काहीच दाखवत नव्हत्या.

"बनियन तीन होते," मातीबाई म्हणाल्या.

साहेबांनी खाकरून पाहिलं. पण एकदा बांध फुटल्यावर मातीबाई थांबल्या नाहीत. तिसरा पट्टा सांगितला, तिपानी सांगितली, कस सांगितला. लोक ऐकत होते, पण ऐकणं वेगळं आणि पटणं वेगळं. मागून एक गवळी ओरडला, "गवत तर हिरवंगार आहे की हो!" त्याचंही बरोबर होतं, गवत हिरवंगारच होतं.

"मग बघाच," मातीबाई म्हणाल्या. पाहुण्यांसाठी टेबलावर पाण्याचे ग्लास भरून ठेवले होते. त्यांनी त्यातले दोन पुढे ओढले आणि रागाच्या भरात एकात झऱ्याचं ढेकूळ टाकलं, दुसऱ्यात सांडपाण्याचं. "हे दुसरं आत्ता विरघळेल."

सगळे माना उंचावून बघू लागले. पुढच्या रांगेतले उठून जवळ आले. दोन्ही ढेकळं तळाशी बसली. वेळ गेला. पाणी नितळच. दुसरं ढेकूळ काही केल्या फुटेना. कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं हसलं, मग सभागृहच हसलं. मातीबाईंचे कान तापले. दोन वर्षांत हे ढेकूळ शंभरदा विरघळलं असेल, आणि आजच त्याने दगा द्यावा?

इंजिनिअर हसत हसत पुढे आला. "बघा मंडळी! मॅडमनीच दाखवून दिलं. मघाशी मी तुमच्यासमोर प्यायलो ना, तेच हे आमच्या कारखान्याचं पाणी. यात ढेकूळसुद्धा विरघळत नाही, तर तुमच्या कुरणाला काय होणार?"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मातीबाई ग्लासाकडे बघत उभ्या राहिल्या, आणि त्यांना आपल्याच गाढवपणाचा भलताच संताप आला. आमच्या कारखान्याचं पाणी! ढेकळं तपासायची ती पावसाच्या किंवा झऱ्याच्या पाण्यात, हे झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. आणि स्टेजवर त्यांनी समोर दिसला तो ग्लास उचलला होता. खारट पाण्यात चिकणमाती धरून राहते. गोडं पाणी मिळालं की सुटते. पोरासोरांना शिकवायची गोष्ट.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की या माणसाने आपल्या तोंडाने केवढी मोठी कबुली दिलीय.

"परत सांगा," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "हे तुमचं पाणी आहे?"

"हो, हो, अगदी शुद्ध!"

"म्हणजे तुमच्या पाण्यात हे ढेकूळ टिकतं. वहिनी, तुमच्या पिशवीत बाटली आहे?"

जाऊबाई घराबाहेर कधीही विकतचं पाणी पीत नसत. झऱ्याचं पाणी भरलेली बाटली त्यांनी काही न विचारता स्टेजवर ठेवली. मातीबाईंनी दोन ग्लास खिडकीबाहेर रिकामे केले, बाटलीतल्या पाण्याने दोनदा विसळले, भरले, आणि नवी ढेकळं टाकली.

या वेळी कुणी हसलं नाही. झऱ्याच्या पट्ट्याचं ढेकूळ खाली बसलं, थोडं ढासळलं, पाणी तसंच राहिलं. दुसऱ्या ग्लासात ढेकळाभोवती धुरकट वलय आलं. ते पसरत गेलं, आणि बघता बघता ग्लासातून पलीकडचं दिसेनासं झालं. तो हिरव्या गवतवाला गवळी सगळ्यांना ढकलत पुढे आला आणि ग्लास उजेडाला धरून बघू लागला.

"यांचं पाणी देत राहाल तोवर सगळं ठीक दिसेल," मातीबाई म्हणाल्या. "गवत हिरवं, बनियन फस्त, टाळ्या. ज्या दिवशी पाऊस पडेल त्या दिवशी तुमच्या कुरणाचं हे असं होईल. आणि पाऊस तर पडणारच."

"त्यावर उपाय आहे," इंजिनिअर घाईने म्हणाला. "जिप्सम टाकायचा. खाली मीठ धुऊन जातं."

"कशाने धुऊन जातं? गोड्या पाण्याने. ते तर तुम्ही नेणार. एक पाळी झऱ्याची ठेवा, एक तुमची. माझ्या तिसऱ्या पट्ट्यात दोन वर्षं तेच केलंय, काही बिघडलं नाही. मी तुमच्या पाण्याला वाईट म्हणत नाही, नुसत्या तुमच्याच पाण्याला म्हणते."

"निम्मं पाणी सोडून शहराचं गणित कसं बसणार, मॅडम?" तो बोलून गेला.

झालं. जाऊबाई उठल्या. "म्हणजे गणित शहराचं," त्या म्हणाल्या, "आणि जमीन आमची. आमच्या धाकटीचं नाव सांगून गोठ्यागोठ्यातून फिरलात, तेव्हा हे गणित नाही सांगितलंत ते? तिसरा बनियन लपवताना लाज नाही वाटली? झऱ्याची एक पाळी आमची राहील आणि व्हॉल्व्हची चावीही आमच्याकडे राहील. चालत असेल तर बोला."

"व्हॉल्व्ह असा खाजगी माणसांच्या हातात देता येत नाही, ताई."

"मग राहू दे."

साहेबांनी तरीही हात वर करायला सांगितले. त्यांना बहुधा वाटलं असेल, काही तरी येतील. एकही हात वर गेला नाही. एका म्हाताऱ्याने टोपी सरळ करायला हात उचलला होता, शेजारच्याने तोही खाली ओढला.

सभा मोडली. लोक मातीबाईंभोवती जमले, कुणी पाठीवर थाप मारली, कुणी ढेकूळ मागितलं. कुरण वाचलं होतं. जाऊबाईंचं वाचलं होतं आणि खालच्या सगळ्यांचं वाचलं होतं. मातीबाईंना कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेता आला.

बाहेर गाडीपाशी साहेब उभे होते. त्यांना चिडलेलं बघायची मातीबाईंची तयारी होती. पण ते चिडलेले नव्हते, आणि तेच भयंकर होतं.

"उद्यापासून प्रयोगाच्या कुरणावर जाऊ नका," ते सहज म्हणाले. "दुसरं काम देतो. आणि फार मनाला लावून घेऊ नका, बाई. सांडपाण्याचा नळ काही वाया जात नाही. डोंगराच्या पलीकडे वळवू."

"पलीकडे? तिथेही कुरणंच आहेत."

"ती जमीन सरकारी खात्याची आहे. लोक नुसती गुरं चारतात. तिथे सभा घ्यावी लागत नाही."

"तिथली माती आणखी चिकण आहे, सर! तुम्हीच मला दाखवली होतीत."

"हो," साहेब म्हणाले. "पण तिथे कुणाची जाऊ प्रयोगशाळेत नाही."

गाडी निघून गेली. मातीबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. त्यांना ओरडावंसं वाटत होतं, आणि कुणावर ओरडायचं ते कळत नव्हतं. चावी, झरा, तिसरा पट्टा, सगळं या बाजूचं. पलीकडच्या माणसांना नळ येतोय हेसुद्धा माहीत नव्हतं. गवत हिरवंगार होईल, ती माणसं खूश होतील, आणि मग पाऊस येईल.

मागे जाऊबाई येऊन थांबल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा असा लाल झालेला मातीबाईंनी लग्न झाल्यापासून कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी पिशवीतून रिकामी बाटली काढली, उलटी करून उरलेले थेंब झटकले आणि झाकण घट्ट लावलं.

"ढेकळं आहेत ना तुझ्याकडे?"

"आहेत. थोडी."

"सकाळी दूध घालून झालं की निघू. ढेकळं तू घे, पाणी मी घेते."